निळूभाऊंची ओळख नव्या पिढीला कुठून करून द्यावी?

सोनचाफा
मागच्या आठवड्यात माझ्या भाचीच्या कनिष्ठ महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन झाले. एका मुलाने डोक्यावर तिरपी टोपी चढवली, आवाज घोगरा केला, डोळे बारीक केले आणि 'बाई, वाड्यावर या' एवढेच म्हटले. सभागृह टाळ्यांनी दुमदुमले. घरी येताना भाचीने मला विचारले, "मावशी, ज्यांची नक्कल केली ते खरेच कोण होते?" ती सोळा वर्षांची आहे. निळू फुले १३ जुलै २००९ रोजी पुण्यात गेले, तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता. तिला नक्कल ठाऊक आहे, परंतु मूळ माणूस तिने कधीही पाहिलेला नाही.

मला या प्रश्नाने अस्वस्थ केले. चाळीस वर्षे रंगभूमी आणि पडदा गाजवलेल्या कलावंताची आठवण एका वाक्यापुरती उरावी, हे मला मान्य नाही. आपणा सर्वांना माझे विचारणे एवढेच आहे की ज्या मुलीने केवळ नक्कल ऐकली आहे, तिला निळूभाऊंची पहिली भूमिका कोणती दाखवावी आणि का?

कऱ्हाकाठ
'सामना' दाखवावा. डॉ. जब्बार पटेल यांचा हा पहिला चित्रपट १९७५ साली प्रदर्शित झाला. पटकथा विजय तेंडुलकरांची होती. निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील आणि डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर एकमेकांसमोर बसतात, तेव्हा दोन नट आपापल्या भूमिका करीत आहेत असे मुळी वाटतच नाही.

हिंदुराव आरडाओरडा करीत नाही. गावात भरकटत आलेल्या एका दारुड्या म्हाताऱ्याला तो घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, मानाने वागवतो. गावात साखर कारखाना त्याने उभा केला आहे आणि त्याविषयीचा त्याचा अभिमान खोटा नाही. माणूस पाहुणचाराने कसा बांधून घेतला जातो, हे निळूभाऊ केवळ बोलण्याच्या लयीतून दाखवतात. आणि मग मास्तर विचारू लागतो की गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले. त्या प्रश्नानंतर हिंदुरावाच्या चेहऱ्यावरचे आर्जव तसेच राहते, परंतु डोळ्यांतले सरते. हे पाहण्यासाठी तरी भाचीला तो चित्रपट दाखवा.

घाटमाथा
'सामना'च. दुसरा विचार करण्याचे कारण नाही.

जुना_ऑपरेटर
मी सातारा जिल्ह्यात यात्रांमधून फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमात काही वर्षे यंत्र चालवले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तंबूत मध्ये दोरी बांधलेली असे, एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष. निळूभाऊ पडद्यावर आले की बायकांच्या बाजूने आधी एक कुजबुज उठे आणि मग उघड शिव्या सुरू होत. 'मेल्या, तुझं वाटोळं होईल' हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की रीळ न पाहताही मला चित्रपट कुठवर आला ते कळत असे. एकदा एका आजीबाईंनी हातातला ओल्या शेंगांचा पुडा पडद्यावर फेकला. आम्ही तिला काही बोललो नाही. तिची नात शेजारी बसून रडत होती.

खेळ संपल्यावर या बायका तंबूबाहेर घोळक्याने उभ्या राहून बोलत आणि त्या बोलण्यात चित्रपटातल्या पाटलाचे नाव कधीच नसे. त्यांच्या गावातल्या, ओळखीच्या, जिवंत माणसाचे नाव असे, आणि ते हळू आवाजात घेतले जाई. मी यंत्रापाशी रीळ गुंडाळत ते ऐकत असे. निळूभाऊंच्या अभिनयाला याहून मोठी पावती मी कुठे पाहिली नाही.

मीनल_ठाणे
वरील सर्वांचा आदर राखून मी वेगळे मत मांडते. सोळा वर्षांच्या मुलीला 'सामना' आधी दाखवला तर तिच्या मनातला टोपीवाला पाटीलच अधिक पक्का होईल. तो कितीही श्रेष्ठ दर्जाचा असला तरी ती नक्कल आणि मूळ यांची तुलना करीत बसेल. मी 'सिंहासन' सुचवीन. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि १९७९ साली जब्बार पटेलांनी तो चित्रपट केला.

त्यात निळूभाऊ दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत. टोपी नाही, धोतर नाही, दरारा नाही. मंत्रालयापासून कामगारवस्तीपर्यंत सगळीकडे जाणारा, सगळ्यांचे सगळे ऐकून घेणारा आणि त्यातले फार थोडे छापू शकणारा एक थकलेला माणूस. मुख्यमंत्र्यांच्या भूमिकेतील अरुण सरनाईक आणि अर्थमंत्री दाभाडे झालेले डॉ. लागू ही सत्तेची माणसे बोलत राहतात आणि दिगू ऐकत राहतो. ज्या नटाच्या आवाजाची नक्कल होते, त्याने एका भूमिकेत न बोलण्यावर इतके काही उभे केले आहे, हे तिला कळू द्या. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो, ते हसणे मला अजून ऐकू येते.

अक्षरवेल
मला एक अवघड गोष्ट विचारायची आहे आणि ती निळूभाऊंविषयीच्या प्रेमापोटीच विचारते आहे.

दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा, तेव्हा आमच्या घरी शेजारपाजारच्या दहा-बारा जणी जमायच्या. ग्रामीण चित्रपटांत पाटलाने शेतावरच्या किंवा तमाशातल्या बाईवर हात टाकण्याचा प्रसंग इतक्या वेळा यायचा की आम्हा मुलींना तो येणार हे आधीच कळायचे आणि आम्ही पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जायचो. त्या चित्रपटांनी बाईच्या अपमानाचा खेळ करून तिकिटे विकली, असे मला आजही वाटते. राष्ट्र सेवा दलात घडलेल्या, समतेवर निष्ठा असलेल्या माणसाने अशा इतक्या भूमिका का स्वीकारल्या असतील? आणि आज त्याच प्रसंगाची नक्कल करून मुले टाळ्या मिळवतात, यात त्या चित्रपटांचा काहीच वाटा नाही का?

सोनचाफा
अक्षरवेलताई, आपला प्रश्न माझ्याही मनात होता आणि लिहिण्याचे धैर्य झाले नव्हते. नकलेत ते वाक्य आले तेव्हा सभागृहातल्या मुलीही हसत होत्या. माझी भाची हसली नाही, परंतु का हसली नाही हे तिला सांगता आले नाही.

पाटपाणी
अक्षरवेल यांच्या प्रश्नाचा एक भाग त्या काळाच्या रचनेत आहे, असे मला वाटते. मी जन्माने शेतकरी कुटुंबातला आहे आणि निवृत्तीपर्यंत सहकार खात्यात होतो.

निळूभाऊंनी रंगवलेला पाटील आपण सरसकट एकच समजतो, पण त्यात दोन वेगवेगळी माणसे आहेत. पहिला वतनदार पाटील, ज्याचे बळ जमिनीत, वाड्यात आणि वडिलोपार्जित मानात होते. १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या आणि मुलकी पाटीलकीचे पदही त्याच दशकात संपले. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना त्याआधीच उभा राहिला होता आणि त्याच्या पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात एकामागून एक कारखाने निघाले. त्यातून दुसरा माणूस आला. त्याच्याकडे जीप होती, संचालक मंडळ होते, उसाची तोड कुणाची आधी आणि कुणाची नंतर हे ठरवण्याचा अधिकार होता. ज्याचा ऊस वेळेवर तोडला जात नाही त्याचे वजन घटते, साखरेचा उतारा पडतो आणि वर्षाचे गणित बिघडते. अशा माणसाला धमकी द्यावी लागत नाही. 'बघू की' म्हटले तरी समोरच्याला घाम फुटतो.

निळूभाऊंच्या आधीचे खलनायक मिशीला पीळ देत, चाबूक घेत. निळूभाऊंनी हा 'बघू की' म्हणणारा माणूस पडद्यावर आणला. मी तो कचेरीत रोज पाहत होतो. टोपी सरळ करण्याची ढब, समोरच्याचे बोलणे संपायच्या आत दुसऱ्याच कुणाला चहा सांगणे, हसता हसता डोळे स्थिर ठेवणे, हे सगळे तंतोतंत होते. ज्यांनी केवळ वाडा पाहिला, त्यांनी निळूभाऊंचा अर्धाच पाटील पाहिला. 'सामना'मध्ये दुसरा अर्धा भाग आहे आणि म्हणून माझे मत 'सामना'ला.

शाखानायक
हा माणूस त्यांनी इतका जवळून कुठे पाहिला असेल, यावर सेवा दलाचा जुना सैनिक म्हणून लिहितो.

निळूभाऊ तरुणपणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. महिना ऐंशी रुपये पगार आणि त्यातले दहा रुपये ते सेवा दलाला देत. स्वतःची रोपवाटिका काढण्याची त्यांची इच्छा होती, ती पैशाअभावी राहून गेली. सेवा दलाच्या कलापथकात त्यांनी पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे'मध्ये रोंग्या केला. कलापथक म्हणजे गावोगाव जाणे, देवळात किंवा शाळेच्या पडवीत झोपणे, गावकऱ्यांच्या घरी जेवणे आणि संध्याकाळी पारावर वग करणे. ज्याच्या ओट्यावर खेळ करायचा, त्याच्याच सत्तेवर वगात बोलायचे असते. समोर पहिल्या रांगेत तोच बसलेला असतो. ज्याला त्या माणसाचा चेहरा वाचता येत नाही, त्याला असा वग रंगवता येत नाही.

पुढे 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना आणि राम नगरकरांना महाराष्ट्रभर नेले आणि १९६८ साली अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तल्या झेलेअण्णाने ते चित्रपटात आले. तेव्हा त्यांचे वय अडतीसच्या आसपास होते. पडद्यावर नवखे असले तरी गाव त्यांना वीस वर्षांपासून पाठ होते.

झणझणीत
शाखानायककाका, झेलेअण्णाची आठवण काढलीत म्हणून धन्यवाद. आमच्या वडिलांना त्या भूमिकेतले निळूभाऊ इतके आवडायचे की शेजारच्या एका लुडबुड्या गृहस्थांना ते आयुष्यभर झेलेअण्णा म्हणत आले आणि त्या गृहस्थांनाही ते आवडे. भाचीला आधी हसवावे आणि मग घाबरवावे, असे माझे मत आहे.

रंगपीठ
चर्चा चित्रपटांपुरती राहिली आहे, म्हणून रंगभूमीची एक आठवण जोडतो. १९७२ साली कमलाकर सारंग यांनी तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' बसवले, तेव्हा सखाराम निळूभाऊ होते आणि चंपा लालन सारंग. परिनिरीक्षण मंडळाने या नाटकात बत्तीस कापा सुचवल्या होत्या आणि नाटकाला न्यायालयाची पायरी चढावी लागली. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणणारा, त्यांना आपले नियम ऐकवणारा, स्वतःला ढोंगी नसलेला माणूस म्हणवणारा हा पुस्तकबांधणीवाला आहे. रात्री मृदंग वाजवणारे त्याचे हात आणि बाईवर उगारलेले त्याचे हात एकच आहेत.

मी ते नाटक दोनदा पाहिले. अक्षरवेल यांच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर तिथे आहे. निळूभाऊंचा सखाराम पाहून कुणाही पुरुषाला आपण तसे व्हावे असे वाटले नाही. प्रेक्षागृहातून बाहेर पडताना माझ्या शेजारचे एक मध्यमवयीन गृहस्थ पत्नीशी एक शब्दही बोलत नव्हते आणि तिच्याकडे पाहतही नव्हते. ज्या चित्रपटांत पाटलाचा अत्याचार केवळ पुढच्या मारामारीचे निमित्त होता, त्यांचा बचाव मी करणार नाही. मात्र निळूभाऊंनी त्या प्रसंगांतही दुष्टपणाला रुबाब येऊ दिला नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

अक्षरवेल
रंगपीठ, आपण 'रुबाब येऊ दिला नाही' म्हणालात, त्यावर दोन दिवस विचार केला आणि एक जुना चित्रपट पुन्हा लावून पाहिला. आपले म्हणणे मला बरेचसे पटले. त्यांच्या पाटलाची हाव किळस आणणारी आहे, त्यात आकर्षण कुठेही नाही. आज पडद्यावर दुष्ट माणसाला उंची कपडे, संथ चाल आणि पार्श्वसंगीत मिळते, तसे निळूभाऊंनी स्वतःला काहीच घेतले नव्हते. तरीही नकलेची तक्रार मी मागे घेत नाही. नक्कल करणारी मुले ती किळस वगळतात आणि ढब तेवढी उचलतात. मग जे उरते ते बाईला बोलावणे आणि त्यावर हसणे.

शाखानायक
अक्षरवेलताई, हे आपण फार नेमके लिहिले आहे. त्यात एकच भर घालतो. निळूभाऊ अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभे राहिले, डॉ. बाबा आढावांच्या चळवळींशी जोडलेले राहिले आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून उभ्या केलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंबरोबर झटले. त्या निधीसाठी नामवंत नटांनी 'लग्नाची बेडी'चे गावोगाव प्रयोग केले होते. भूमिकेतून मिळालेली प्रसिद्धी या माणसाने कुठे खर्च केली, हेही भाचीला सांगा.

बर्लिनकर
'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. मी या शहरात गेली अकरा वर्षे राहतो. इथल्या मराठी मित्रांना घरी बोलावून मी तो दाखवला, तेव्हा एका मित्राची जर्मन पत्नीही होती. मी मध्ये मध्ये भाषांतर करून सांगत होतो. काही वेळाने तिने मला थांबवले आणि म्हणाली की या माणसाचे सांगू नकोस, त्याचे मला कळते आहे. ती हिंदुरावाविषयी बोलत होती.

दख्खनची_राणी
हिंदीने त्यांचे चीज केले नाही, ही माझी जुनी खंत आहे. 'कुली' आणि 'मशाल' मध्ये ते दिसले, पण त्यांच्या वाट्याला मोजके प्रसंग आले. अपवाद 'सारांश'चा. १९८४ सालच्या त्या चित्रपटात मुलाच्या अस्थींसाठी खेटे घालणारा म्हातारा अनुपम खेर यांनी केला आणि त्याच्यासमोरचा राजकारणी गजानन चित्रे निळूभाऊंनी. गावातला पाटील शहरात येऊन नगरसेवकी भाषा शिकला तर कसा दिसेल, ते तिथे पाहायला मिळते. पाटपाणी यांनी लिहिलेल्या साखळीतला हा तिसरा माणूस म्हणता येईल.

पाटपाणी
अगदी बरोबर. तो दुवा माझ्या लक्षात आला नव्हता.

उन्हाळपाखरू
माझे वडील सलूनचे दुकान चालवत. दुकानात देवादिकांच्या तसबिरी नव्हत्या. निळूभाऊंचे एक वर्तमानपत्रातले छायाचित्र आणि महात्मा फुल्यांचे एक, एवढेच आरशावर लावलेले होते. निळूभाऊ अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले, ती बातमी दुकानातल्या रेडिओवर लागली. खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्धी दाढी करून बसले होते. वडिलांनी वस्तरा खाली ठेवला, हात पुसले आणि काही वेळ नुसते उभे राहिले. गिऱ्हाईकही काही बोलले नाही. मग त्यांनी ती दाढी पूर्ण केली, पैसे घेतले नाहीत आणि दुकान बंद केले. इतर कुणाही नटासाठी त्यांनी असे केल्याचे मला आठवत नाही.

मीनल_ठाणे
उन्हाळपाखरू, वाचून डोळे भरून आले.

सोनचाफाताई, आपण भाचीला शेवटी काय दाखवले? सगळ्यांचीच उत्सुकता वाढली आहे.

सोनचाफा
उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. भाचीची चाचणी परीक्षा संपण्याची वाट पाहत होते. बहुमताचा मान राखून परवा रात्री 'सामना' लावला. मीनलताई, 'सिंहासन' येत्या रविवारी ठरला आहे.

चित्रपट सुरू झाला तेव्हा खोलीत भाची आणि मी दोघीच होतो. निळूभाऊंचा आवाज ऐकून माझी आई आतून आली. तिचे वय आता शहात्तर आहे, माहेर बार्शीकडचे. ती दाराशीच थांबली आणि पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला. घरात आम्ही तिघी बायकाच होतो, तरी तिने तो ओढून घेतला. मग खुर्ची घेऊन बसली आणि हिंदुराव बोलू लागला की प्रत्येक वेळी 'गोड बोलतोय बघ मेला' असे पुटपुटत राहिली. जुन्या ऑपरेटरकाका, मला सारखी तुमच्या तंबूची आठवण येत होती.

भाचीने अर्ध्यावर चित्रपट थांबवला आणि आजीला विचारले, "तुझ्या गावात असा कुणी होता का?" आई बराच वेळ गप्प राहिली. मग तिने एक नाव सांगितले. ते नाव मी माझ्या पन्नास वर्षांत तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. त्याच्यामुळे तिच्या थोरल्या चुलतबहिणीची शाळा सातवीत कशी सुटली, विहिरीवर जायची वाट का बदलली गेली आणि घरातल्या पुरुषांनी त्यावर काहीच का केले नाही, हे तिने सलग सांगितले. पडद्यावर मास्तर आणि हिंदुराव गोठून समोरासमोर होते. भाची आजीच्या पायाशी येऊन बसली होती.

उरलेला चित्रपट आम्ही रात्री बारानंतर पाहिला.